कव्हरिंग फिल्म (रेडिओ-नियंत्रित मॉडेल विमाने)

रेडिओ-नियंत्रित मॉडेल विमानाचा लाकडी सांगाडा किंवा फोमचा पंख मढवण्यासाठी इस्त्रीने चिकटवायचे पातळ आवरण. आतल्या बाजूला उष्णतेने धरणारा गोंद असतो आणि त्यावर सोलून काढायचा पारदर्शक पापुद्रा. बाहेरची बाजू गुळगुळीत व रंगीत असते. आवरणामुळे पंखाचा पृष्ठभाग हवेसाठी बंद होतो. शिवाय उघड्या फासळ्यांचा (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या पातळ पट्ट्यांचा) पंख, जो हातात पिळला तर सहज पिळतो, ताठ होतो. त्यामुळे फिल्म निवडणे ही रंगापुरती बाब नसून पंखाच्या बांधणीचाच भाग आहे.

पूर्वी रेशीम किंवा टिश्यू कागद लावून त्यावर डोपचे, म्हणजे वॉर्निशासारख्या द्रवाचे, हात मारत. डोप सुकताना आकसतो आणि कागद ताणला जातो. काम वेळखाऊ होते, वासाने डोके उठे आणि नायट्रेट डोप चटकन पेट घेई. १९६०च्या दशकात अमेरिकेत टॉप फ्लाइट कंपनीचे मोनोकोट आले आणि हे काम इस्त्रीवर आले. पुढे ब्रिटनचे सोलरफिल्म, जर्मनीचे ओराकव्हर (अमेरिकेत हेच अल्ट्राकोट या नावाने विकले गेले) आणि आता चिनी बनावटीच्या स्वस्त फिल्म. सातारा-सांगलीच्या हौशी मंडळींना यांतले बहुतेक सामान ऑनलाइन किंवा पुण्या-मुंबईहून मागवावे लागते.

फिल्म तयार होतानाच दोन्ही दिशांनी ताणलेली असते. पुन्हा तापवली की ती मूळ आकाराकडे परतू पाहते. आकसणे म्हणजे हेच. म्हणून प्रत्येक फिल्मची दोन तापमाने लक्षात ठेवावी लागतात : गोंद धरण्याचे आणि फिल्म आकसण्याचे. ओराकव्हरचा गोंद साधारण ९० ते १०० अंश सेल्सियसला धरतो आणि फिल्म १५० अंशांच्या सुमारास चांगली ताणली जाते. मोनोकोटला दोन्ही कामांसाठी जास्त उष्णता लागते. ताणायला १५० ते १७५ अंश. गोंद धरण्याच्या आणि फिल्म आकसण्याच्या तापमानांत जितके अंतर जास्त, तितके नवशिक्याला सोपे : आधी सगळ्या कडा सावकाश चिकटवाव्या, चुकले तर उचलून पुन्हा बसवाव्या आणि मधला भाग शेवटी ताणावा.

निवडीचा पहिला प्रश्न मात्र फिल्मचा नसून फिल्मखाली काय आहे याचा असतो. थर्माकोल १०० अंशांच्या अलीकडेच मऊ पडू लागतो. त्यावर मोनोकोट लावायला गेल्यास पंखाला खड्डे पडतात. डोपमधले द्रावक तर थर्माकोल विरघळवूनच टाकते. अशा पंखासाठी कमी तापमानाला धरणारी फिल्म घ्यावी, नाहीतर थर्माकोलवर बाल्साचा (मॉडेलांसाठी वापरतात त्या अतिशय हलक्या लाकडाचा) पातळ पत्रा चिकटवून मग मढवावे. छपाईच्या सामानाच्या दुकानात रोलमध्ये मिळणारी २५ ते ४० मायक्रॉनची थर्मल लॅमिनेशन फिल्म फोमवर चांगली बसते आणि स्वस्तही पडते; ओळखपत्रांसाठीचे जाड पाऊच इथे उपयोगाचे नाहीत. ही फिल्म आकसते कमी, त्यामुळे उघड्या फासळ्यांवर सुरकुत्या राहतात. फोम खालून सलग आधार देतो, म्हणून तिथे हा दोष जाणवत नाही. पहिल्याच मॉडेलवर महागडा रोल खर्च करण्यापेक्षा हा मार्ग शहाणपणाचा.

बाल्साच्या सांगाड्यावर पॉलिएस्टर फिल्मला तोड नाही. ती ताणलेली राहते आणि इंजिनाचे तेल तिला काही करत नाही. तेल शिरते ते जोडातून, म्हणून इंजिनामागची भिंत आधी इपॉक्सीने बंद करतात. विजेच्या मोटरवरच्या मॉडेलला ही चिंताच नाही. पंखाची टोके, कॉकपिटच्या कडा अशा दोन्ही अंगांनी वळणाऱ्या जागी मोनोकोटसारखी ताठ फिल्म छळते. ओराकव्हर तिथे गरम असताना बोटांनी ओढली की वळणावर बसते. जुन्या काळच्या विमानांची हुबेहूब मॉडेले करणारे ओराटेक्ससारखे विणलेले कापड घेतात. ते जड असते, पण सहज फाटत नाही आणि रंगवल्यावर खऱ्या कापडी विमानासारखे दिसते.

वजनाचा बाऊ अनेकदा उगाच होतो. दीड मीटर लांब आणि २५ सेंटिमीटर रुंद पंखाच्या दोन्ही बाजू मिळून पाऊण चौरस मीटर भरतात. चौरस मीटरला ६०-६५ ग्रॅमची नेहमीची फिल्म आणि ३५-४० ग्रॅमची हलकी फिल्म यांत एवढ्या पंखावर सुमारे २० ग्रॅमचा फरक पडतो. दीड किलोच्या शिकाऊ विमानाला तो कळतही नाही. ४०० ग्रॅमच्या ग्लायडरला कळतो. शेपटीकडे मात्र कंजूषपणा करावा. शेपटी गुरुत्वमध्यापासून नाकाच्या दुप्पट-तिप्पट लांब असते, त्यामुळे तिथल्या १० ग्रॅमला नाकात २०-३० ग्रॅम शिसे घालावे लागते. उंचीचाही विचार हवा. पाचगणीच्या उंचीवर, म्हणजे सुमारे १,३०० मीटरवर, हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण १२ टक्के विरळ असते आणि तेच मॉडेल जास्त वेगाने उतरते. सांगलीच्या सपाटीवर हा फरक बराच कमी.

या भागात फिल्मची खरी परीक्षा ऊन आणि दमटपणा घेतात. बाल्सा ओलावा पितो आणि फुगतो. सातारच्या पावसाळ्यात मढवून तबल्यासारखा ताणलेला पंख एप्रिलमध्ये जत-आटपाडीकडच्या कोरड्या हवेत नेला की लाकूड आकसते आणि फिल्म सैल पडते. इस्त्री पुन्हा फिरवली की ती ताणली जाते; पण फिल्म मढवतानाच शेवटच्या हद्दीपर्यंत आकसवून टाकली असेल तर पुढे ताणायला काही उरत नाही. शक्य असल्यास मढवण्याचे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत करावे. गडद निळी किंवा काळी फिल्म उन्हात इतकी तापते की पंख एका अंगाला पिळू शकतो. फोमच्या पंखावर तिला फोड येतात. दुपारी काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत मॉडेल ठेवणे हे तर हातानेच फिल्म उतरवण्यासारखे.

रंग निवडताना भोवतालची शेते डोळ्यांपुढे ठेवावीत. कृष्णाकाठी मैदान संपले की ऊस सुरू होतो. त्यात हिरवे किंवा पारदर्शक मॉडेल पडले तर ते शोधण्यात दुपार जाते. वरून भडक नारिंगी, खालून गडद रंगावर रुंद पांढरे पट्टे ही जोडी पावसाळी पांढुरक्या आभाळातही ओळखू येते आणि विमान उलटे आहे की सुलटे हे दुरून कळते. पारदर्शक फिल्ममधून उन्हात फासळ्या सुरेख दिसतात, पण शंभर मीटरवर गेले की विमान कुठे तोंड करून आहे हे समजत नाही. दोन रंग जोडताना फिकट आधी आणि गडद त्यावर, ५-६ मिलिमीटर चढवून लावावा. उलट केले तर फिकट रंगाखालून गडद कड दिसत राहते. अंगावरचे जोड मागच्या दिशेला तोंड करून असावेत, म्हणजे वारा त्यांत शिरत नाही.

घरच्या इस्त्रीवर अंश लिहिलेले नसतात आणि तिचे बटण भरवशाचे नसते. म्हणून बाल्साच्या तुकड्यावर फिल्मची पट्टी चिकटवून, गार झाल्यावर ओढून पाहतात. पट्टी स्वच्छ निघाली तर उष्णता कमी. तिच्याबरोबर लाकडाचे तंतू निघाले तर बरोबर. कडेतून रंगीत गोंद पाझरला किंवा पट्टी गुंडाळली गेली तर जास्त. इस्त्रीला जुना सुती मोजा घातल्यास चकाकीवर ओरखडे पडत नाहीत. ताणताना एकच बाजू पूर्ण करू नये. वरची थोडी, खालची थोडी असे आलटून पालटून तापवावे, नाहीतर पंख केळ्यासारखा वाकतो. हीट गन (गरम हवेचा झोत सोडणारे यंत्र) उघड्या फासळ्यांवर झटपट काम करते. फोमजवळ ती आणूच नये.

उसाच्या पानांच्या धारदार कडा आणि तासगावकडच्या द्राक्षबागांतल्या तारा फिल्म सरळ चिरतात. मैदानावर तात्पुरती पारदर्शक चिकटपट्टी लावून दिवस निभावतो, पण ती त्याच संध्याकाळी काढावी. उन्हात तिचा गोंद पाघळून फिल्मवर राहतो आणि त्यावर नवे ठिगळ धरत नाही. राहिलाच तर तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात आणि चिरेपेक्षा सर्व बाजूंनी सेंटिमीटरभर मोठे, कोपरे गोल केलेले ठिगळ गोंद धरण्याइतक्याच उष्णतेवर बसवतात. टोकदार कोपरा असला की तो आधी सुटतो.