वरच्या केबिनमध्ये बोट लागत नाही?

आईवडिलांसाठी क्रूझ बुक करताना हमखास सल्ला मिळतो: वरच्या मजल्याची केबिन घ्या, मोकळ्या हवेत बोट लागत नाही. हे चूक आहे. जहाज डुलताना सर्वांत कमी झोका बसतो तो मधोमध, खालच्या मजल्यांवर. वर आणि पुढच्या टोकाला तो वाढतो. हवेपेक्षा स्थिर क्षितिजाकडे पाहण्याचा उपयोग जास्त.

बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर उलटीतच जाऊ शकते. तासभर आधी घ्यावी. पण अशा बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, तोल जातो. प्रोस्टेट वाढलेलं असेल तर लघवी अडू शकते, काही प्रकारच्या काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढू शकतो. म्हणून निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारा.