उसातली भाजी: सरीतल्या मोकळ्या जागेचा जुना हिशेब

उसाच्या सरीत कांदा, कोबी, फ्लॉवर घेऊन चांगले पैसे केलेल्या शेतकऱ्यांच्या यशकथा आता नेहमी वाचायला मिळतात. त्या वाचून हे तंत्र अलीकडचं वाटतं, पण एका रानात दोन पिकं ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. कोरडवाहू रानात ज्वारीत तूर, बाजरीत मटकी नाहीतर हुलगा पेरत. पावसानं एक पीक घालवलं तरी दुसरं हाती लागावं, हा त्यामागचा विचार.

बागायतातली गरज वेगळी होती. विहिरीवर मोट, मोटेच्या पाण्यावर थोडासा ऊस, आणि त्या उसाच्या वरंब्यावर, पाटाच्या कडेला मुळा, मेथी, कोथिंबीर, कांदा. यातलं थोडं घरी खायचं, उरलेलं आठवडी बाजारात जायचं. या भाजीची वेगळी नोंद कुणी ठेवत नसे. मीठमिरचीचा खर्च मात्र तिच्यावर निघायचा, आणि ती खुरपणं-काढणं बहुतेक घरातल्या बायकांकडेच असे. आंतरपिकाच्या इतिहासात त्यांचं नाव फारसं येत नाही, हे मला खटकतं.

पुढे कालवे आले. 1885 च्या सुमारास नीरा डावा कालवा, 1926 मध्ये भंडारदऱ्याचं धरण. 1932 मध्ये पाडेगावला ऊस संशोधन केंद्र सुरू झालं, आणि 1950 मध्ये विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ऊस मळ्यातून फडात गेला. क्षेत्र वाढलं, सऱ्या तीन-तीन फुटांवर पडू लागल्या, सगळं लक्ष टनावर गेलं. नंतर तणनाशकं आली. ॲट्राझिन आणि टू-फोर-डी उसाला चालतात. कोबी, मेथी, मुळा यांना चालत नाहीत. मजुरी वाचली, पण वरंब्यावरची भाजी गेली. माझ्या मते आंतरपीक मागे पडण्याचं हे मोठं कारण होतं, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

मोकळी जागा मात्र तिथंच होती. उसाची उगवण व्हायलाच तीन-चार आठवडे लागतात. मग फुटवे, बाळबांधणी म्हणजे बुडख्याला पहिली हलकी माती लावणं, आणि सरी फोडून भरपूर माती चढवायच्या मोठ्या बांधणीपर्यंत चार महिने उलटतात. तोपर्यंत सरीत ऊन, पाणी, खत सगळं असतं. घेणारं दुसरं कुणी नसलं की तण घेतं. नोव्हेंबरच्या पूर्वहंगामी लागणीत वरंब्याच्या बगलेला लावलेला फ्लॉवर जानेवारी-फेब्रुवारीत निघतो, तेव्हा ऊस जेमतेम गुडघ्याला आलेला असतो. बटाटा, कांदा, लसूणही याच हंगामात बसतात. सुरू उसात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या लागणीत, उन्हाळ्याच्या तोंडाला काकडी, कलिंगड, कोथिंबीर घेतात. आडसालीत, म्हणजे जुलै-ऑगस्टच्या लागणीत, पावसाळा असल्यानं भुईमूग, सोयाबीन बरे.

1970 च्या दशकात शास्त्रज्ञांनी या जुन्या रीतीचं मोजमाप सुरू केलं. हैदराबादजवळ 1972 मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कोरडवाहू पीक संशोधन संस्थेत मिश्र आणि आंतरपिकांवर पद्धतशीर काम झालं. त्यातून जमीन समतुल्य गुणोत्तराचं माप रूढ झालं. समजा उसाचं उत्पादन एकट्या पिकाच्या 95 टक्के आलं आणि सोबतच्या कांद्याचं 50 टक्के, तर बेरीज 1.45. म्हणजे तेवढंच पीक वेगवेगळं घ्यायला एका एकराच्या जागी जवळजवळ दीड एकर लागला असता. शेतकऱ्याला हे अनुभवानं ठाऊक होतं. आता त्याला शिफारशीचा आधार मिळाला.

खरा बदल घडवला तो रुंद सरीनं. पाच फुटी सरी किंवा अडीच बाय पाचची जोडओळ (अडीच फुटांवर दोन ओळी, मग पाच फूट मोकळे), सोबत ठिबक, आणि कांडीऐवजी एक डोळ्याची रोपं. पाच फुटांचा पट्टा मोकळा राहिला की उसाला धक्का न लावता भाजीच्या दोन ओळी बसतात आणि पॉवर टिलरही चालतो.

पैशाचं गणित जुन्या मळ्यातलंच आहे. बेणं, खत, मशागत यांचा खर्च सुरुवातीला होतो, ऊस तुटतो बारा ते अठरा महिन्यांनी. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यावर कारखान्यानं 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात. अनेकदा ते हप्त्याहप्त्यानं येतात. कोथिंबीर चाळीस दिवसांत, फ्लॉवर दोन-अडीच महिन्यांत रोख देतो, आणि त्यातून उसाचं खत भागतं.

अडचण येते ती वेळेची. भाव पडला म्हणून कांदा रानात ठेवला की मोठी बांधणी लांबते, खताचा हप्ता चुकतो आणि उसाचे फुटवे दबतात. आंतरपिकानं ऊस घटला अशी तक्रार ऐकू येते, तिच्या मुळाशी बहुतेक वेळा हाच उशीर असतो, नाहीतर दोन्ही पिकांना एकाचंच खत घातलेलं असतं. भाजीला तिच्या वाट्याचं खत वेगळं द्यावं लागतं, आणि भाव काहीही असला तरी बांधणीआधी रान मोकळं करावं लागतं.