पार्श्वभूमी : कोकेनच्या पैशाने पोखरलेली मायामी

फ्लोरिडाचा किनारा लांबलचक, समोर बहामाची बेटं आणि दक्षिणेला कॅरिबियन समुद्रापलीकडे कोलंबिया. त्यामुळे इथे तस्करी रुजली याचं नवल वाटायला नको. सत्तरच्या दशकात एव्हरग्लेड्स सिटी या जेमतेम पाचशे वस्तीच्या गावातले कोळी मासे सोडून गांजाची गाठोडी उतरवू लागले होते. १९८३ मध्ये संघीय पथकांनी तिथे मोठी धरपकड केली.

कोकेन आलं आणि रकमा कैक पटींनी वाढल्या. ११ जुलै १९७९ रोजी मायामीजवळच्या डेडलँड मॉलमध्ये भरदुपारी टोळीयुद्धात दोघांना गोळ्या घालण्यात आल्या. पुढच्या वर्षी क्युबातल्या मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख लोक आले आणि शहरातल्या सगळ्या गुन्हेगारीचं खापर त्यांच्यावर फुटलं. तारखा मात्र सांगतात की डेडलँड आधी घडलं होतं.

त्याच १९८० च्या मे महिन्यात आर्थर मॅकडफी या कृष्णवर्णीयाच्या मृत्यूप्रकरणी पोलीस निर्दोष सुटले आणि दंगल उसळली. त्यानंतर मायामी पोलीस दलात घाईघाईने भरती झाली. उमेदवारांची चौकशी ढिली पडली, प्रशिक्षण तोकडं राहिलं, आणि अशी कोवळी पोरं रात्रपाळीला अशा रस्त्यांवर उतरली जिथे एका गाडीच्या डिकीत त्यांच्या कित्येक वर्षांच्या पगाराएवढा ऐवज असे. सुरुवात वाहनचालकांचे पैसे आणि माल ‘जप्त’ करून खिशात घालण्यापासून झाली. जुलै १९८५ मध्ये मायामी नदीकाठच्या जोन्स बोट यार्डवर गणवेशातल्या पोलिसांनी ‘छापा’ टाकला. बोटीवरच्या माणसांनी घाबरून पाण्यात उड्या मारल्या, त्यांतले तिघे बुडाले. शेकडो किलो कोकेन पोलिसांनीच पळवून विकलं. पहिला खटला ज्युरीचं एकमत न झाल्याने फिसकटला. पुढे डझनाहून अधिक पोलिसांना शिक्षा झाली आणि अनेकांवर खातेनिहाय कारवाई झाली.

वॉशिंग्टनने १९८२ मध्येच उपाध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या नेतृत्वाखाली दक्षिण फ्लोरिडासाठी विशेष कृती दल नेमलं होतं. त्याचा भर समुद्र आणि आकाशावर होता. शहरातल्या कचेऱ्यांकडे लक्ष गेलं ते बरंच उशिरा: १९९१ मध्ये ‘ऑपरेशन कोर्ट ब्रूम’ या छुप्या तपासातून डेड काउंटीचे (मायामी ज्या जिल्ह्यात येते त्याचे) न्यायाधीशच लाच घेताना सापडले.

मला सर्वांत गंभीर वाटतं ते मात्र विली फाल्कन आणि साल माग्लुटा यांचं प्रकरण. सुमारे ७५ टन कोकेन आणल्याचा आरोप असलेले हे दोघे १९९६ मध्ये सुटले, कारण ज्युरीच विकत घेतली गेली होती. ज्युरीचा प्रमुख विमानतळावरचा साधा कामगार. त्याला जवळपास पाच लाख डॉलर मिळाले होते. पगाराशी न जुळणाऱ्या खर्चामुळे तो तपासात अडकला आणि १९९९ मध्ये दोषी ठरला. माग्लुटा २००२ मध्ये दोषी ठरला, फाल्कनने २००३ मध्ये गुन्हा कबूल केला.