ईपीएस-९५ : हजारावर अडलेली पेन्शन

साखर कारखाना, सूतगिरणी, एसटी किंवा खासगी कंपनीतून निवृत्त झालेल्या अनेकांना ईपीएस-९५ या कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन मिळते, पण महिन्याचा किराणा आणि बीपीच्या गोळ्या तीत एकत्र बसत नाहीत. मग कुणी साठीनंतर सोसायटीच्या गेटवर रात्रपाळी धरतो, कुणी एफडी मोडतो, कुणी बायकोच्या पाटल्या तारण ठेवतो.

१९५२ च्या कायद्याने कामगाराला पीएफ दिला, तो एकरकमी. मुलीचे लग्न, घराची स्लॅब, की संपला. १९७१ ची कुटुंब पेन्शन होती, पण ती कामगार गेल्यावर घरच्यांसाठी. दरमहा पेन्शन आली १६ नोव्हेंबर १९९५ पासून. मालकाच्या वाट्यातून पगाराचे ८.३३ टक्के या योजनेच्या फंडात वळवले गेले, सरकारने १.१६ टक्के घातले.

खरी मेख हिशेबात आहे. पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले ७०. हा पगार प्रत्यक्ष हातात पडणारा नव्हे, मर्यादेपुरताच: सुरुवातीला ५,०००, २००१ पासून ६,५००, सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. त्यामुळे एकूण १८ वर्षे भरून ६,५०० च्या काळात बाहेर पडलेल्याला साधारण १,६७१ रुपये बसतात. त्याला महागाई भत्त्याची जोड नाही. निवृत्तीच्या दिवशी ठरलेला आकडा तेलाचा डबा कितीही महागला तरी हलत नाही.

२०१३ मध्ये भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभा समितीने किमान ३,००० रुपयांची शिफारस केली. सरकारने २०१४ मध्ये किमान पेन्शन ठरवली ती १,००० रुपये. कोश्यारी पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल होऊन गेले, हजाराचे तीन हजार काही झाले नाहीत. किमान ७,५०० आणि त्यावर महागाई भत्ता मिळावा म्हणून पेन्शनर २४ डिसेंबर २०१८ पासून बुलढाण्यात साखळी उपोषणाला बसले.

‘मग श्रावणबाळ घ्या,’ असे सुचवणारे भेटतात. ती निराधार वृद्धांसाठीची राज्याची योजना. २०२३ मध्ये तिची रक्कम १,००० वरून १,५०० झाली. पण तिथे कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत लागते, म्हणजे महिन्याला १,७५०. वरच्या हिशेबातल्या माणसाने आणखी एक वर्ष नोकरी केली असती, तर त्याची पेन्शन १,७६४ झाली असती.