टपालाने आलेल्या स्वाक्षरीची पारख

नामवंत व्यक्तीला पत्र पाठवून टपालाने मागवलेली स्वाक्षरी त्या व्यक्तीने स्वतःच्या हाताने केली आहे का, हे ठरवण्याची पद्धत. ती मुख्यतः अमेरिकेतील संग्राहकांमध्ये विकसित झाली. तिकडे अशा स्वाक्षऱ्यांना ‘थ्रू द मेल’ किंवा नुसतेच ‘टीटीएम’ म्हणतात. संग्राहक पत्रासोबत फोटो किंवा कोरे कार्ड पाठवतो आणि स्वतःचा पत्ता लिहून, तिकीट लावून परतीचे पाकीटही आत घालतो. ते काही आठवड्यांनी परत येते, कधी वर्षांनी येते, कधी येतच नाही. भारतातून लिहिणाऱ्याला अमेरिकेची तिकिटे सहज मिळत नसत. त्याला आंतरराष्ट्रीय प्रत्युत्तर कूपन, म्हणजे परदेशातील टपाल कार्यालयात देऊन परतीची तिकिटे घेता येतील असे कूपन, विकत घेऊन पाठवावे लागे.

बाजारात विकल्या जाणाऱ्या बनावट सहीपेक्षा हा प्रश्न वेगळा आहे. बाजारात कोणीतरी भामटा पैशासाठी सही गिरवतो. टपालाने फुकट आलेल्या सहीत भामटा बहुधा नसतोच. सही दुसऱ्याची असली, तर ती त्या नामवंताच्याच कार्यालयात, त्याच्या संमतीने झालेली असते. पत्ता खरा, टपालाचा शिक्का खरा, फोटो अधिकृत. त्यामुळे ‘थेट त्यांच्या घरून आली’ हा संग्राहकाचा नेहमीचा दावा पाकिटाचा प्रवास सांगतो, सही कोणी केली हे सांगत नाही.

पत्रांचा ढीग उपसण्यासाठी कार्यालये चार मार्ग वापरतात : छापील सही, रबरी शिक्का, सचिवाने किंवा घरच्या माणसाने केलेली सही आणि ऑटोपेन हे यंत्र. पहिले दोन ओळखणे फारसे अवघड नाही. फोटोतच छापलेली सही भिंगाखाली ठिपक्यांची बनलेली दिसते किंवा फोटोच्या पृष्ठभागात मुरलेली असते. प्रत्यक्ष पेनाची शाई गुळगुळीत फोटोवर वेगळा थर धरते आणि कागद उजेडात तिरपा केला की तिची चमक निराळी दिसते. शिक्क्याची शाई कडांना साचते, मध्ये फिकट पडते आणि रेषेत कुठेही हाताचा कमीजास्त दाब जाणवत नाही. हिंदी चित्रपटसृष्टीतील ताऱ्यांकडून चाहत्यांना टपालाने येणारे सहीचे फोटो बहुधा छापीलच असत. क्रिकेटच्या बॅटवर खेळाडूची सही छापलेली असते, पण ती खरी आहे असे कोणी मानत नाही. फोटोच्या बाबतीत मात्र तसे मानायला माणूस उत्सुक असतो.

सचिवाची सही सर्वांत चकवणारी. ती जिवंत हाताने, खऱ्या पेनाने, वेगाने केलेली असते, म्हणून भिंगाने काही कळत नाही. वॉल्ट डिझ्नी यांच्या स्टुडिओतील चित्रकार त्यांच्या वतीने चाहत्यांसाठी सह्या करत. अभिनेत्री जीन हार्लो यांच्या नावाचे असंख्य फोटो त्यांच्या आईने सही केलेले आहेत. बीटल्स या इंग्लिश गायक-वादकांच्या चौकडीचे सहायक नील ॲस्पिनॉल आणि मॅल एव्हन्स चौघांच्याही सह्या करून देत. येथे उपाय एकच : निर्विवाद खऱ्या नमुन्यांशी तुलना. करारपत्रे, धनादेश, न्यायालयीन कागद, कोणासमोर तरी केलेल्या सह्या हे असे नमुने असतात आणि ते त्याच काळातले हवेत. माणसाची विशीतली सही आणि सत्तरीतली सही यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडते. तुलना अक्षरांच्या वळणापुरती ठेवून भागत नाही. पेन कुठे उचलला, कोणती रेष आधी ओढली, अक्षरांच्या उंचीचे प्रमाण काय, सही ओळीवर बसते की वर चढत जाते, हे पाहावे लागते. नक्कल करणारा वळण उचलतो. सवयी उचलणे त्याला जड जाते.

ऑटोपेनचा पूर्वज पॉलिग्राफ हे लेखनयंत्र. जॉन आयझॅक हॉकिन्स यांनी त्याचे पेटंट 1803 मध्ये घेतले आणि थॉमस जेफरसन यांनी ते आपल्या पत्रांच्या प्रती काढण्यासाठी वापरले. आजच्या अर्थाचा ऑटोपेन दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास रॉबर्ट डी शाझो यांनी बाजारात आणला. मूळ सहीवरून एक साचा कापतात, यंत्राचा दांडा त्या साच्याच्या कडेने फिरतो आणि दांड्यात अडकवलेला पेन सही उमटवतो. पेन कोणताही चालतो, म्हणून शाई खरी असते आणि अननुभवी माणूस तिथेच फसतो. जॉन केनेडी यांच्या कार्यालयाने हे यंत्र सढळ हाताने वापरले, शिवाय त्यांच्या सचिवही सह्या करत. न्यूयॉर्कचे हस्ताक्षरतज्ज्ञ आणि व्यापारी चार्ल्स हॅमिल्टन यांनी 1965 मध्ये केनेडींच्या यांत्रिक सह्यांचे वेगवेगळे साचे पुस्तकातून मांडले, तेव्हा अनेक संग्राहकांच्या भिंतीवरच्या चौकटींची किंमत एकदम उतरली असणार. यंत्राची सही कायद्याने मात्र कमअस्सल ठरत नाही. मे 2011 मध्ये बराक ओबामा फ्रान्समध्ये असताना वॉशिंग्टनमधील एका विधेयकावर त्यांच्या सांगण्यावरून ऑटोपेननेच सही झाली.

या सहीची पारख एका साध्या तत्त्वावर चालते : कोणताही माणूस दोनदा हुबेहूब तीच सही करत नाही. दोन सह्या एकमेकींवर ठेवून उजेडात धरल्या आणि रेघ न् रेघ जुळली, तर किमान एक यंत्राची आहे. एकच सही हाती असेल तर इतर खुणा शोधाव्या लागतात. सुरुवातीला आणि शेवटी पेन टेकून राहिल्याने शाईचे ठिपके पडतात. हात मात्र धावतच कागदावर उतरतो आणि धावतच उठतो, म्हणून त्याच्या रेषेची टोके निमुळती होतात. यंत्राच्या रेषेची जाडी एकसारखी असते आणि सरळ जायला हवे तिथे बारीक थरथर दिसते. साचे गोळा करून त्यांच्या सूची बनवणे हे संग्राहकांनी स्वतःहून अंगावर घेतलेले मोठे काम आहे. अंतराळवीरांच्या बाबतीत ते विशेष बारकाईने झाले, कारण ‘नासा’ने चाहत्यांच्या पत्रांना उत्तर देताना ऑटोपेन आणि छापील सही असे दोन्ही मार्ग वापरले. नील आर्मस्ट्राँग यांचेही अनेक साचे ओळखले गेले आहेत. आपल्या सह्या विकल्या जातात आणि बनावटही खपतात हे पाहून त्यांनी 1994 मध्ये सह्या देणे थांबवले. त्यानंतरच्या तारखेची, टपालाने आली म्हणून सांगितलेली त्यांची सही पाहताच शंका घ्यावी. बीटल्सपैकी रिंगो स्टार यांनीही 20 ऑक्टोबर 2008 नंतर आलेल्या चाहत्यांच्या वस्तूंवर सही करणार नाही असे जाहीर केले होते. अशा तारखांपुढे पाकिटावरचा शिक्का उपयोगी पडतो, म्हणून जाणते संग्राहक पाकीट कधीच फेकत नाहीत.

तुलनेची ताकद 2022 मध्ये ठळकपणे दिसली. अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलन यांच्या नव्या पुस्तकाच्या सुमारे 900 स्वाक्षरीयुक्त प्रती प्रत्येकी 599 डॉलरना विकल्या गेल्या. सोबत, सही लेखकाने स्वतः केली आहे अशी ग्वाही देणारे प्रकाशनसंस्थेच्या प्रमुखाचे पत्र होते. पुस्तके घरपोच होताच वाचकांनी आपापल्या प्रतींचे फोटो ताडून पाहिले आणि त्याच त्या सह्या फिरून फिरून येत असल्याचे उघड झाले. प्रकाशनसंस्थेला पैसे परत करावे लागले. 2019 पासून भोवळीचा त्रास असल्याने पुस्तके आणि चित्रांच्या प्रतींसाठी यंत्र वापरले, अशी कबुली देत डिलन यांनी दिलगिरी व्यक्त केली. एकेकट्या ग्राहकाला हे कधीच कळले नसते.

साहित्याची तपासणी पूरक ठरते. बॉलपेन अमेरिकेत 1945 मध्ये विक्रीला आला आणि शार्पी हा मार्कर 1964 मध्ये. 1930 च्या दशकात केली म्हणून सांगितलेली सही यांपैकी कशाने केलेली असेल तर पुढे पाहायलाच नको. अतिनील प्रकाशात निळसर उजळणारा कागद बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतरचा असतो. या कसोट्या खोटे पकडतात. खरे सिद्ध करत नाहीत.

बाजारातील मुद्दाम केलेल्या फसवणुकीचे मोठे प्रकरण म्हणजे एफबीआयने सॅन डिएगोतून चालवलेली ‘ऑपरेशन बुलपेन’ ही कारवाई. जप्त मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलचे चेंडूही निघाले. ही सही विकत घेणाऱ्यांनी त्या कधी आणि कशासाठी चेंडू हाती घेतील, एवढा विचार केला असता तरी पुरे होते.

अमेरिकेत पीएसए-डीएनए, जेम्स स्पेन्स ऑथेंटिकेशन आणि बेकेट या संस्था शुल्क घेऊन स्वाक्षरी तपासतात आणि प्रमाणपत्र देतात. त्यांचा निर्णय हे तज्ज्ञाचे मत असते. सही होताना त्यांचा माणूस समोर हजर असेल तरच ते साक्ष ठरते, आणि टपालाच्या सहीत ते शक्य नसते. शिवाय टपालाने मिळणाऱ्या बहुतेक सह्यांची किंमत तपासणीच्या शुल्काइतकीही नसते. त्यामुळे त्या अल्बममध्ये तशाच राहतात आणि संग्राहक त्यांच्याखाली पेन्सिलीने ‘बहुधा स्वतःची’, ‘बहुधा सचिवाची’ अशी नोंद करून ठेवतो.