मागील पंख व स्पॉइलर (मोटारगाडीचे)

मोटारगाडीच्या मागील भागावरील वायुगतिकीय जोडणी. बोलण्यात दोन्हींना स्पॉइलरच म्हणतात, पण कार्य वेगळे. पंख म्हणजे उलटा बसवलेला विमानाचा पंख. हवा त्याच्या वरून व खालून वाहते आणि चाकांवर भार पडतो. स्पॉइलर ही डिकीला किंवा छपराला चिकटलेली कड. गाडीची पाठ फुगीर असल्याने वेगात मागील भाग उचलला जातो. ही कड प्रवाह तोडून ती उचल घटवते, स्वतंत्र भार क्वचितच देते.

उगमाविषयी एकमत नाही. १९२८ मध्ये बर्लिनच्या आव्हुस मार्गावर धावलेल्या ओपेलच्या अग्निबाण-मोटारीला दोन्ही बाजूंस आखूड पंख होते; पण ते मागील पंख नव्हेत. १९५६ मध्ये मिखाएल माय यांनी पोर्शे ५५० वर पंख बसवला, तोही चालकाच्या डोक्यावर. मागील कडेचे श्रेय सामान्यतः १९६१ च्या फेरारी शर्यत-गाडीला व चालक रिची गिंथर यांना देतात. मागील उंच पंखाचा खरा आरंभ १९६६ च्या शॅपरल २ई पासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते : तिच्या पंखाचे खांब थेट चाकांच्या आधारांवर टेकलेले होते, त्यामुळे भार स्प्रिंगांना वगळून टायरवर जाई. १९६८ मध्ये पंख फॉर्म्युला वन शर्यतींत आले. १९६९ मध्ये बार्सेलोनाच्या शर्यतीत लोटसच्या दोन गाड्यांचे पंख मोडले आणि उंच पंखांवर बंदी आली. त्याच वर्षीच्या डॉज चार्जर डेटोनाचा पंख इतका उंच का, याची दोन उत्तरे मिळतात : डिकीचे झाकण उघडावे म्हणून, किंवा छपरामागील खळबळीच्या हवेबाहेर जावा म्हणून. ती परस्परविरोधी नाहीत.

भार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. क्षेत्रफळ व भारगुणांक (पंखाचा आकार व कोन यांवर ठरणारा आकडा) यांचा गुणाकार ०.५ चौ. मी. असलेला बऱ्यापैकी मोठा पंख घेतल्यास मुंबईच्या हवेत ताशी ३० किमी.ला सुमारे २ किग्रॅ., ५० ला ६, ८० ला १५, १०० ला २३ आणि २०० ला ९१ किग्रॅ. भार मिळतो. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर कमाल वेग ८०, अटल सेतूवर मोटारींना १०० आहे, म्हणजे सागरी सेतूवर नियमाने चालणाऱ्यास घरगुती सिलिंडरातील गॅसएवढा (१४.२ किग्रॅ.) भार लाभतो. मागील चाकांवर ७०० किग्रॅ. भार असल्यास ही वाढ दोन टक्के. टायरमधील हवेचा दाब चुकल्यास ती निरर्थक ठरते. १९८९ च्या पोर्शे ९११ ची कड ताशी ८० च्या सुमारास आपोआप वर येई, म्हणजे त्याहून कमी वेगात तिची गरज नाही, असा उत्पादकाचा हिशेब दिसतो. उलट उदाहरण ऑडी टीटीचे : महामार्गावरील मोठ्या वेगाच्या अपघातांनंतर तिला २००० मध्ये मागील कड बसवण्यात आली.

पुढील चाकांना शक्ती मिळणाऱ्या गाडीत मागच्या आसापलीकडील भार पुढची चाके किंचित हलकी करतो. तेथे पंखाने पुढच्या चाकांची पकड वाढत नाही. हॅचबॅकच्या छपरावरील कड मात्र प्रवाह नीट सोडून ओढ (हवेचा मागे खेचणारा विरोध) थोडी कमी करू शकते.

बाजारातील जोडणी : कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर फायबर किंवा एबीएस प्लास्टिकचे तयार पंख मिळतात. डिकीच्या पत्र्याला नुसते बोल्ट मारल्यास पत्रा लवतो. आतून रुंद पट्टी व रबरी वॉशर लागतात. भोकाच्या कडेला गंजरोधक प्रायमर न लावल्यास खाऱ्या दमट हवेत गंज धरतो, आणि सिलिकॉन लावायचे राहिल्यास पावसाळ्यात डिकीत पाणी उतरते. वजनाने झाकणाचे गॅस-दांडे थकतात, झाकण डोक्यावर येते. पंखाचा कोन साधारण १५ अंशांपलीकडे नेल्यास खालचा प्रवाह पंखापासून सुटतो. भार घटतो, ओढ वाढते. वरचा ब्रेकदिवा झाकला जाऊ नये. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ मूळ बांधणीतील फेरबदलांना लागू आहे.