दोन टक्क्यांचा डोंगर

कसारा घाट सायकलने चढलेल्या माणसाला चढाबद्दल विचारू नये. विचारलंत तर पुढचा अर्धा तास तुमचा नाही. पण त्याच डोंगरातून जाणारी रेल्वेलाइन पाहिली तर ती किती सौम्य वळणं घेत, किती बोगदे पोखरत, हळूहळू वर सरकते! हौस म्हणून नव्हे. आगगाडीला खरा चढ चढताच येत नाही, म्हणून. आणि आगगाडीची ही दुबळी बाजू जर्मनीतल्या एका द्राक्षांच्या खोऱ्यात सायकलवाल्यांच्या पथ्यावर पडली आहे.

पश्चिम जर्मनीत आयफेल नावाच्या डोंगराळ भागात डाऊन हे गाव आहे. तिथून मोझेल नदीकाठच्या बेर्नकास्टेल-कूसपर्यंत सुमारे ५८ किलोमीटरचा सायकलमार्ग जातो, मारे-मोझेल राडवेग. डाऊन समुद्रसपाटीपासून साधारण ४०० मीटरवर, तर नदी ११० मीटरच्या आसपास. मुलूख चढउतारांचा, पण मोटारींचा त्रास जवळजवळ नाही, आणि शाळकरी पोरंही हा रस्ता आरामात कापतात. कारण त्याचा बराच भाग सायकलसाठी आखलेलाच नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे रेल्वेमार्ग टाकला गेला, १९८०च्या दशकात तो बंद पडला, रूळ उखडले आणि त्या पट्ट्यावर डांबर आलं.

आता आगगाडीची अडचण काय ते पाहू. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार कमी घर्षणाने फिरतं, म्हणून तर एक इंजिन शेकडो टन ओढतं. पण गुळगुळीत लोखंडावर लोखंडाला पकडही कमीच मिळते. समजा ८० टनांचं इंजिन आणि मागे ४२० टनांचे डबे आहेत. कोरड्या रुळावर इंजिन आपल्या वजनाच्या पाव भागाएवढा जोर लावू शकेल, म्हणजे २० टन. अडीच टक्क्यांच्या चढावर (१०० मीटर पुढे गेलं की अडीच मीटर वर) एकूण ५०० टनांची गाडी मागे खेचते ती साडेबारा टनांनी. जमलं. आता पाऊस पडू द्या, रुळावर ओला पालापाचोळा चिकटू द्या. पकड पावावरून एक दशांशावर येते, जोर उरतो ८ टन, आणि चाकं जागच्या जागी गरगरतात. मग चाकांपुढे वाळू सोडायची किंवा मागून दुसरं इंजिन लावायचं. बोर घाट १८६३ साली रेल्वेला खुला झाला. तिथला सर्वांत कडक चढ ३७ मीटरला एक मीटर, म्हणजे २.७ टक्के. तेवढ्यासाठी कर्जतला गाडीच्या शेपटीला बँकर इंजिनं लागतात. पुणेकर प्रवाशाला तो धक्का ओळखीचा असतो, चहा सांडतो त्यावरून.

सायकलच्या रबरी टायरला पकडीची एवढी चिंता नाही. तिची अडचण वेगळी आहे: इंजिन म्हणजे आपण. बेताच्या तब्येतीचा माणूस तासभर १०० वॉट शक्ती देऊ शकतो. १०० वॉट म्हणजे दहा किलोची तांदळाची पिशवी दर सेकंदाला एक मीटर उचलत राहायची. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरले तर एवढ्या शक्तीत सपाटीवर साधारण २४ किलोमीटरचा वेग मिळतो, आणि तिथला बहुतेक खर्च हवा कापण्यात जातो. दोन टक्क्यांच्या, म्हणजे रेल्वेला झेपेल अशा चढावर तोच माणूस १४-१५ किलोमीटरने जातो. दहा टक्क्यांचा चढ आला की वेग उतरतो चारावर. चालणारा माणूस शेजारून पुढे निघून जातो.

त्यात आणखी एक गोम आहे. सायकल तोल सांभाळते ती ज्या बाजूला कलेल त्या बाजूला हँडल वळवून, म्हणजे चाकं पुन्हा आपल्या भाराखाली आणून. वेगात असताना हे वळणं इतकं सूक्ष्म असतं की कळतही नाही. ताशी चार किलोमीटरला मात्र तेवढाच तोल सावरायला हँडल भरपूर हलवावं लागतं आणि सायकल नागमोडी जाते. घाटात मागून मोटार येते ती नेमकी याच वेळी. मोटारी नकोत हे म्हणणं निसर्गप्रेमापेक्षाही या हेलकाव्यांसाठी अधिक खरं आहे. उतरतानाही तसंच. पायडल न मारता दोन टक्क्यांच्या उतारावर हवेचा विरोध तुम्हाला आपोआप २५-२६च्या पुढे जाऊ देत नाही. दहा टक्क्यांवर तो ६५ किलोमीटरला जाऊन अडवतो. मधे वळण आलं तर सगळी मदार ब्रेकवर.

डाऊनहून निघाल्यावर थोड्याच वेळात या मार्गावरचा सर्वांत लांब बोगदा लागतो. ५८५ मीटरचा. नाव ग्रोसेस श्लिट्सओर, म्हणजे ‘थोरला लबाड’. परिसरात गोल गोल तळी आहेत, त्यांना तिथे मार म्हणतात आणि मार्गाच्या नावातला पहिला शब्द त्यांचाच. तापलेला शिलारस भूजलाला भिडला, पाण्याची एका क्षणात वाफ झाली, जमीन फुटली आणि खड्डा उरला. आयफेलमधलं सर्वांत तरुण मार अवघ्या ११,००० वर्षांपूर्वीचं आहे. आपलं लोणारही एके काळी ज्वालामुखीचंच विवर समजलं जायचं. नंतर उल्कापाताच्या खुणा सापडल्या. वरून पाहिलं तर दोन्हींत फरक करणं कठीणच.

आणि मग खाली, मोझेलच्या खोऱ्यात, द्राक्षमळे दिसतात. इथे डोळे फसतात. चाकाखाली उतार जेमतेम, आणि समोरच्या वेली अशा कड्यावर की तिथे शेळी चढवतानाही विचार करावा. खोऱ्यात थोडं पुढे ब्रेम गावाजवळ काल्मोंट नावाचा मळा आहे. त्याचा उतार काही ठिकाणी ६५ अंशांपर्यंत जातो: १०० मीटर आडवं गेलं की २१४ मीटर वर. एवढ्या गैरसोयीच्या जागी शेती का करायची?

उत्तर सूर्याच्या कोनात आहे. बेर्नकास्टेल जवळजवळ ५० उत्तर अक्षांशावर आहे. २३ सप्टेंबरच्या सुमारास, द्राक्ष पिकायच्या दिवसांत, भरदुपारी तिथे सूर्य क्षितिजापासून फक्त ४० अंश वर असतो. सपाट जमिनीवर ऊन तिरपं पसरतं आणि पातळ होतं. पण जमीनच दक्षिणेकडे ३० अंश कलती असेल तर तिच्यावर ऊन ७० अंशांच्या कोनात पडतं आणि दर चौरस मीटरला जवळपास दीडपट मिळतं. नाशिक २० अक्षांशावर. त्याच दुपारी नाशिकच्या सपाट शेतावर सूर्य किती अंशांवर असतो? ७०. म्हणजे मोझेलच्या वेलीने डोंगराला टेकून ३० अक्षांशांचा प्रवास केला. नाशिकच्या बागाईतदाराला उन्हासाठी उताराची गरजच नाही. त्याची काळजी उलटी, उन्हाचा अतिरेक. म्हणून तो एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या फांद्यांसाठी) आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी (फळासाठी) करून फळ थंडीत आणतो. रात्री गार असल्या की द्राक्षातलं आम्ल कमी जळतं आणि वाइनला लागणारा आंबटपणा टिकतो. मोझेलच्या रीसलिंग द्राक्षाची सगळी ख्याती त्या आंबटपणावर आहे.

तिथली मातीही माती म्हणावी अशी नाही. पाटीच्या दगडाच्या चपट्या, काळपट खपल्या. हो, आपल्या आजीआजोबांनी ज्यावर बाराखडी गिरवली तोच दगड. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेला चिखल दाबून त्याचे थर झाले. हा गडद दगड दिवसा ऊन पितो आणि संध्याकाळी हात ठेवला तर कोमट लागतो. रात्री तीच ऊब वेलीला मिळते. पावसात खपल्या घसरून खाली येतात आणि मळेवाले त्या पुन्हा वर नेऊन टाकतात. वेलीही सगळ्याच तारांवर नाहीत. जुन्या पद्धतीत प्रत्येकीला स्वतंत्र खांब, आणि दोन फांद्या वाकवून खांबाला बांधल्या की बदामाचा आकार होतो. तारा नसल्यामुळे माणसाला उतारावर आडवं, कुठूनही कुठे जाता येतं. सरळ वर चढण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

वाटेत मळेवाल्यांकडे वाइन चाखायला मिळते, पण जर्मन कायदा सायकलस्वारालाही सोडत नाही. रक्तात अल्कोहोल हजारी १.६ भागांवर गेलं की गुन्हा, आणि सायकल वेडीवाकडी चालली तर ०.३ सुद्धा पुरे.

बरेच जण डाऊनहून खाली येतात आणि परत जायला रेगिओराडलर बस पकडतात. तिच्या मागे सायकलींसाठी ट्रेलर असतो. माझं मत विचाराल तर उलटं चढावं. तीनशे मीटरची उंची गाठायला ८५ किलोंना लागणारी ऊर्जा अडीच लाख जूल. शरीर खाल्ल्यातलं पाव भागच कामाला लावतं असं धरलं तरी हिशेब २४० किलोकॅलरींचा, म्हणजे एक वडापाव. हवा आणि रस्त्याचं घर्षण यांचा खर्च वेगळा, पण तो उतरतानाही द्यावाच लागतो.

बेर्नकास्टेलमध्ये पोचल्यावर घरांच्या छपरांमागेच डॉक्टर नावाचा प्रसिद्ध मळा उभा दिसतो. खोऱ्यातल्या अशा उभ्या मळ्यांमध्ये वेलींतून एकच बारीक लोखंडी पट्टी सरळ वर गेलेली सापडते. तीही रेल्वेच आहे. तिच्या खालच्या कडेला दाते कोरलेले असतात, त्यांत इंजिनाचं दातेरी चाक अडकतं, त्यामुळे पकडीचा प्रश्नच येत नाही. अडीच टक्क्यांवर धापा टाकणाऱ्या रेल्वेची ही धाकटी बहीण माणसाला पाठीवर बसवून ४५ अंशांचा चढ चढते आणि द्राक्षांनी भरलेले क्रेट घेऊन, फटफट आवाज करत, खाली येते.